डिसेंबरमधील बांबर्ग: बिअर आणि थंडीबाबत मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. दादरला पारा १७ अंशांवर आला की स्वेटर शोधणारे आम्ही दोघे डिसेंबरमध्ये जर्मनीतील बांबर्गला जाणार आहोत, जिथे तो सहज शून्याखाली उतरतो. बीच वृक्षाच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेल्या माल्टची (मोड आणलेल्या धान्याची) तिथली राउखबिअर आणि हिवाळ्यातली कडक बॉक बिअर यजमानांना चाखायची आहे. मद्यामुळे त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावून ऊब केवळ भासते आणि शरीरातील उष्णता उलट निसटते, त्यामुळे ‘दोन घोट घेतले की थंडी पळते’ हा सल्ला कृपया नको (तो घरात पुष्कळ मिळाला आहे). थर्मल, लोकरी मोजे आणि बर्फात न घसरणारे बूट मुंबईतच घ्यावेत की तिथे, आणि तिथल्या जुन्या मद्यगृहांत माझ्यासारख्या शाकाहारी व्यक्तीला पोटभर काय मिळेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.