मिनेसोटाच्या हिवाळ्यात टिकेल असे डेकचे स्टेन कोणते?

मेपलवाट

नमस्कार. आम्ही मिनियापोलिसच्या दक्षिणेकडील उपनगरात राहतो. घरामागे उत्तरेला १४ फूट बाय १६ फुटांचा लाकडी डेक, म्हणजे फळ्यांचा उघडा ओटा आहे. इथे ज्याला ‘ग्रीन ट्रीटेड’ म्हणतात ते, म्हणजे तांब्याचे संरक्षक द्रव्य दाबाखाली मुरवलेले पाइन त्याला वापरलेले आहे. डेक २०१७ सालचा असून जमिनीपासून जेमतेम दोन फूट उंच आहे, आणि खालची जागा चारही बाजूंनी जाळीने बंद केलेली आहे. आम्ही घर घेतले तेव्हा फळ्या करड्या पडल्या होत्या, म्हणून २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये एका रंगाऱ्याकडून गडद तपकिरी सॉलिड स्टेनचे (लाकडाचा पोत पूर्ण झाकणाऱ्या लेपाचे) दोन हात दिले. पहिला हिवाळा नीट गेला. दुसऱ्या वर्षी बर्फ वितळल्यावर खिळ्यांच्या आसपास फुगवटे दिसले, आणि आता तर जिथे पाय ठेवावा तिथे पोपडे निघत आहेत. काल एक पोपडा नखाने उचलला तेव्हा त्याच्या मागच्या बाजूला करड्या लोकरीसारखे बारीक तंतू चिकटलेले होते आणि खालची फळी ओलसर, काळपट दिसत होती.

दुकानात विचारले तर एक जण अधिक महागडे सॉलिड स्टेन घ्या म्हणतो आणि दुसरा पारदर्शक सीलर पुरेसे आहे म्हणतो. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत बर्फ आणि तापमान अनेकदा शून्याखाली २० ते २५ अंश सेल्सिअस, अशा ठिकाणी नेमके काय लावावे? तेलाचे की पाण्याचे? काम स्वतः करण्याची माझी तयारी आहे. आई दरवर्षी उन्हाळ्यात येते आणि तिची सकाळ त्याच डेकवर जाते, त्यामुळे तिच्या पायाला पोपडे लागू नयेत अशी मनापासून इच्छा आहे.

रंधा

मी विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसनजवळ राहतो आणि गेली अनेक वर्षे लाकूडकामाच्या व्यवसायात आहे. आपण पोपड्याची मागची बाजू पाहिलीत हे फार चांगले केलेत, कारण बिघाडाचे निदान तिथेच होते. मागे तंतू चिकटून आले याचा अर्थ स्टेन लाकडाला नीट धरून होते, पण ज्या थराला त्याने धरले तो थरच लाकडापासून सुटला. उन्हातील अतिनील किरण लाकडातील लिग्निन, म्हणजे तंतूंना एकत्र बांधून ठेवणारे द्रव्य, नष्ट करतात आणि पावसाने ते धुऊन जाते. उरतो तो करडा, सैल तंतूंचा थर. तो घासून न काढता वर काहीही लावले तरी ते निघणारच. मॅडिसनला अमेरिकी वन विभागाची फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरी १९१० पासून आहे. रंगवण्यापूर्वी लाकूड काही आठवडे जरी उघड्यावर राहिले तरी रंगाची पकड कमी होते, असे तिथल्या प्रयोगांत दिसले आहे. आपल्या फळ्या तर चार वर्षे उघड्या होत्या.

दुसरे कारण ओलाव्याचे आहे. सॉलिड स्टेन हा नावाने स्टेन असला तरी व्यवहारात पातळ रंगच असतो आणि तो लाकडावर पापुद्रा धरतो. भिंतीसारख्या उभ्या पृष्ठभागावर हा पापुद्रा उत्तम टिकतो, कारण पाणी तिथे थांबत नाही. डेकच्या आडव्या फळीवर मात्र बर्फ महिनोन् महिने बसून राहतो, पाणी खिळ्याच्या भोकांतून, चिरांतून आणि फळीच्या कापलेल्या टोकांतून आत शिरते, आणि वरचा पापुद्रा त्याला बाहेर पडू देत नाही. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. जानेवारीत सगळे घट्ट गोठलेले असते, त्यामुळे तेव्हा फारसे काही घडत नाही. खरा मारा मार्चमध्ये होतो, जेव्हा दुपारी बर्फ वितळतो आणि रात्री तेच पाणी पापुद्र्याखाली पुन्हा गोठते. शिवाय आपल्या डेकखालची जागा बंद आणि जमिनीलगत असल्यामुळे फळ्यांना खालूनही सतत दमटपणा मिळतो.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की महागडे सॉलिड स्टेन घेऊन हा प्रश्न सुटणार नाही. चालण्याच्या फळ्यांसाठी लाकडात मुरणारे, तेलाचे, सेमी-ट्रान्सपरंट (रंग देऊनही लाकडाचा पोत दिसू देणारे) स्टेन घ्यावे. तेही कायमचे टिकत नाही. आपल्याकडच्या हवामानात दोन-तीन वर्षांनी पुन्हा द्यावे लागते. परंतु ते झिजते आणि फिके पडते, त्याचे पोपडे निघत नाहीत, त्यामुळे पुढच्या वेळी फळ्या धुऊन, वाळवून वर नवा हात देता येतो. पारदर्शक सीलरबद्दल म्हणाल तर त्यात रंगद्रव्य नसते, आणि अतिनील किरणांना अडवण्याचे मुख्य काम रंगद्रव्यच करते. ते लावलेले लाकूड पाणी काही काळ झटकते, पण वर्षभरात करडे पडू लागते.

आता अवघड भाग. मुरणारे स्टेन मुरण्यासाठी लाकूड उघडे असावे लागते. जुन्या सॉलिड स्टेनचे अवशेष राहिले तर तिथे ते वरच चिकट राहील आणि फळी डागाळलेली दिसेल. प्रथम स्ट्रिपर (जुना थर सैल करणारे रसायन) लावून जेवढे निघेल तेवढे काढा, नंतर ऑक्झॅलिक आम्ल असलेल्या ब्राइटनरने फळ्या धुवा, म्हणजे स्ट्रिपरचा क्षार मारला जाईल आणि काळपटपणाही उतरेल. क्लोरीनचे ब्लीच वापरू नका, ते तंतूंना इजा करते. प्रेशर वॉशर फार जवळून धरला तर पाइनचे तंतू उभे राहतात, म्हणून रुंद फवाऱ्याचे तोंड लावून कमी दाब ठेवा. वाळल्यावर उरलेले अवशेष ६० किंवा ८० नंबरच्या पॉलिशपेपरने घासून काढा. त्याहून बारीक कागद वापरलात तर पृष्ठभाग गुळगुळीत होऊन स्टेन कमी मुरते. घासताना श्वसनाचा मास्क अवश्य लावा. (हे वाचणाऱ्या इतरांसाठी: डेक २००४ पूर्वीचा असेल तर घासू नका. त्या काळच्या ट्रीटेड लाकडात आर्सेनिक असे. घरगुती वापरासाठी ते २००३ च्या अखेरीस बंद झाले.)

स्टेन देण्यापूर्वी ओलावामापकाने फळ्या तपासा आणि आकडा १५ टक्क्यांखाली आल्याशिवाय डबा उघडू नका. मापक नसेल तर पाण्याचे चार थेंब टाकून पाहा. काही मिनिटांत ते शोषले गेले तर लाकूड तयार आहे, मण्यांसारखे वर राहिले तर नाही.

चिनूकवारा

मी कॅल्गरीचा. रंधा यांच्या मताशी बव्हंशी सहमत आहे. आमच्याकडे चिनूक वारे (पर्वतांवरून उतरणारे उबदार, कोरडे वारे) सुटले की भर जानेवारीत तापमान काही तासांत वीसेक अंशांनी चढते आणि दोन दिवसांनी पुन्हा कोसळते, म्हणजे मिनेसोटात मार्चमध्ये होणारा मारा आम्ही सबंध हिवाळा सोसतो. माझ्या डेकवर दोन प्रकार एकत्र आहेत: फळ्यांवर सेमी-ट्रान्सपरंट आणि रेलिंगवर त्याच छटेचे सॉलिड. रेलिंगच्या उभ्या पट्ट्यांवरील सॉलिड सहा वर्षे झाली तरी शाबूत आहे. रेलिंगचे पोपडे निघत नसतील तर ती खरवडण्यात एक सबंध सप्ताहान्त घालवू नये, असे मी सुचवेन. मात्र रेलिंगच्या माथ्यावरची आडवी फळी ही चालण्याच्या फळीसारखीच समजावी, कारण बर्फ तिच्यावरही बसतो.

एका बाबतीत माझा अनुभव वेगळा आहे. कॅनडात रंगांतील बाष्पनशील द्रव्यांवर २००९ च्या नियमांपासून मर्यादा आहेत, त्यामुळे जुन्या पद्धतीचे तेलाचे स्टेन इथे सहज मिळत नाही आणि मी पाण्यात मिसळणारे, पण मुरणारे स्टेन वापरतो. ते चांगले चालले आहे. तेव्हा डब्यावर ‘तेलाचे’ की ‘पाण्याचे’ यापेक्षा ते मुरणारे आहे की पापुद्रा धरणारे, हे आधी वाचावे.

बर्फ काढताना प्लास्टिकचे फावडे वापरा आणि ते फळीच्या लांबीच्या दिशेने चालवा. धातूच्या फावड्याची कड आडवी फिरली की प्रत्येक फळीच्या काठावर ओरखडा उठतो आणि पाणी आधी तिथूनच शिरते. मीठही टाळा. नव्या ट्रीटेड लाकडातील तांबे साध्या खिळ्यांना आधीच गंजवते, त्यात मिठाची भर नको.

पडवी

थोडा वेगळा प्रश्न विचारते. रत्नागिरीजवळच्या आमच्या घरात दारांना आणि ओटीवरच्या झोपाळ्याला दर दिवाळीपूर्वी अळशीचे तेल लावत आणि ते सागवान आजही सुरेख आहे. न्यू जर्सीतल्या माझ्या लहानशा डेकला तेच शुद्ध तेल लावले तर चालेल का?

रंधा

पडवी, घराच्या आत किंवा छपराखाली असलेल्या सागवानाला अळशीचे तेल शोभते, कारण सागात स्वतःचेच तेल भरपूर असते आणि त्यावर थेट पाऊस पडत नाही. उघड्यावरच्या पाइनला मात्र ते लावू नका. नुसते अळशीचे तेल बुरशीचे खाद्य ठरते आणि दमट हवेत फळ्या काळ्या पडतात. बाजारातील तेलाच्या स्टेनमध्ये पुष्कळदा हेच तेल असते, पण त्यासोबत रंगद्रव्य आणि बुरशीनाशक घातलेले असते.

आणि अशा कोणत्याही तेलाने भिजलेली फडकी चुरगळून एका ढिगात टाकू नका. वाळताना तेलातून उष्णता निघते आणि ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी बाहेर एकेक पसरून कडक वाळू द्या किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा. हे मी दर वेळी लिहितो, कारण या कामातील सर्वांत मोठा धोका हाच आहे.

मेपलवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मी लगेच दोन कामे केली. दोन बाजूंची जाळी काढली तेव्हा आत कित्येक हिवाळ्यांची कुजलेली पाने फळ्यांच्या तळापासून वीतभर अंतरापर्यंत साचलेली दिसली. ती सात पोती भरली. मग ओलावामापक आणला. घराच्या भिंतीलगतच्या फळ्यांवर आकडा १७ आला आणि मधल्या फळ्यांवर २४. म्हणजे इतकी वर्षे या फळ्या खालून वाळतच नव्हत्या. स्ट्रिपर पुढच्या आठवड्यात लावणार आहे. दोन शंका उरल्या आहेत: स्टेन जूनच्या सुरुवातीला द्यावे की थांबावे, आणि हात किती द्यावेत?

रंधा

थांबा. जूनच्या सुरुवातीला आपल्याकडे कॉटनवुडच्या झाडांचा कापूस उडत असतो आणि ओल्या स्टेनवर बसलेला तो कापूस नंतर निघत नाही. धुणे आणि घासणे जूनमध्ये उरका, पण फळ्या आकडा उतरेपर्यंत वाळू द्या. फार थांबून त्या पुन्हा करड्या होऊ देऊ नका. तेवढ्यात रंग बदललाच तर स्टेनच्या आधी ८० नंबरचा एक हलका हात फिरवा. दिवस १० ते ३० अंश सेल्सिअसमधला, ढगाळ आणि पुढचे २४ तास पावसाचा अंदाज नसलेला निवडा. ऑक्टोबरमध्ये रात्री दव पडते आणि स्टेन नीट सुकत नाही. मागच्या वेळी तेही नडले असावे.

हात एकच द्या. जुने लाकूड डब्यावर लिहिले आहे त्याहून बरेच जास्त स्टेन पिते, म्हणून एक डबा जास्तीचा आणून ठेवा. एका वेळी दोन किंवा तीन फळ्या घ्या आणि त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पूर्ण करा, मध्ये थांबलात तर जोडाची गडद रेघ उमटते. पंधरा-वीस मिनिटांनी वर जे चमकत उरले असेल ते फडक्याने पुसून घ्या. फळ्यांच्या कापलेल्या टोकांना मात्र ब्रशने भरपूर पाजा, ती पितील तेवढे. आईंना दोन दिवस दुसरीकडे बसवावे लागेल.