‘कॅटफिश’ला मराठीत काय म्हणावे : शिंगाळा, मार्जारमीन की मांजरमासा?

तळटीप :
एका विज्ञान-मासिकासाठी कॅटफिशांच्या वैविध्यावरील लेखाचा अनुवाद करताना मी पहिल्याच शब्दापाशी अडले आहे. या गणात (म्हणजे अनेक कुलांना सामावणाऱ्या मोठ्या गटात) सुमारे 40 कुले आणि 4,000 हून अधिक जाती असून त्यांतल्या बहुतेक गोड्या पाण्यात राहतात, असे लेखाचे पहिले वाक्य आहे. मी सर्वत्र ‘शिंगाळा’ लिहिले, कारण आजोळी भीमेतल्या मोठ्या मिशाळ माशाला हाच शब्द ऐकत मी वाढले. मुद्रितशोधक मालवणकडचे आहेत. त्यांनी प्रत्येक ‘शिंगाळ्या’खाली रेघ मारून समासात लिहिले, ‘शिंगाळा समुद्रात असतो. तो अ‍ॅमेझॉनमध्ये कसा पोचला?’ संपादकांनी ‘मार्जारमीन’ सुचवला आहे. परंतु ‘मार्जारमीन गणातील कुले’ असे वाचले की माझ्या डोळ्यांपुढे वाघ-बिबटेच येतात, कारण मार्जारकुल आपण त्यांना देऊन बसलो आहोत. प्रत सोमवारी द्यायची आहे. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

देवबाग :
मुद्रितशोधकांचे बरोबर आहे. किनाऱ्यावर शिंगाळा म्हणजे समुद्रातला आणि खाडीतला शिंगाळाच. गोव्यात त्यालाच सांगट म्हणतात. लहानपणी आईने बाजारातून आणलेल्या शिंगाळ्याच्या तोंडातून गोट्यांएवढी अंडी घरंगळली, तेव्हा हा दुसऱ्या कोणाची तरी अंडी गिळून आला, असेच आम्हा भावंडांना वाटले होते. तो नर होता आणि अंडी त्याच्याच घरची होती, हे फार पुढे कळले. पिल्ले सुटी होईपर्यंत नर ती तोंडात बाळगतो आणि तोवर जवळजवळ उपाशी राहतो. अशा माशाचे नाव नदीतल्या भलत्याच माशांना वाटून टाकू नये, एवढीच माझी विनंती आहे.

भीमाकाठ :
नदीतले मासे ‘भलते’ कसे? कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या माशांचे वर्णन केले आणि 1839 मध्ये आमच्या शिंगाळ्याला शास्त्रीय नाव दिले, ते होते ‘सीनघला’. आजही तो स्पेराटा सीनघला म्हणूनच ओळखला जातो. म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी एका इंग्रज अधिकाऱ्याने घाटावरच्या नदीकाठी हा शब्द कानाने टिपला होता. त्याच वेळी त्याने ‘गोग्रा’ आणि ‘कुटुर्नी’ अशी आणखी दोन नावे लॅटिन साच्यात बसवली आणि आज ते दोन्ही मासे रीटा या वंशात मोडतात. गोग्रा म्हणजे आपला घोगरा किंवा घोगऱ्या. पाण्याबाहेर काढला की हा मासा घोगऱ्या आवाजात कुरकुरतो. नाव तिथूनच आले असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

शब्दवेल्हाळ :
शंका माझ्या मनात आहे. नाद आणि नाव जुळले की व्युत्पत्ती सिद्ध झाली, असे मानण्याची आपल्याकडे फार जुनी खोड आहे. मासा कुरकुरतो म्हणून घोगरा, की घोगरा म्हणतात म्हणून आपल्याला कुरकुर ऐकू येते?

प्रवाहपतित :
कुरकुर तरी खरी आहे. या गणातील अनेक मासे छातीच्या पराचा काटा त्याच्या खोबणीत घासून आवाज काढतात. नावाचे मात्र मी काही सांगू शकत नाही.

मूळ वादात दोन्ही बाजू आपापल्या ठिकाणी बरोबर आहेत, आणि अडचण नेमकी तीच आहे. देवबाग यांचा शिंगाळा अ‍ॅरिडी कुलातला आहे आणि भीमाकाठ यांचा बॅग्रिडी कुलातला. दोघांच्या पाठीवर आणि छातीपाशी दणकट काटा असल्यामुळे दोन वेगळ्या ठिकाणच्या लोकांनी स्वतंत्रपणे एकच नाव दिले असावे. मुद्रितशोधकांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्यांना उलटे वाटेल. हा गण मुळात गोड्या पाण्यातला आहे. मुख्यतः समुद्रात वावरणारी कुले दोनच, अ‍ॅरिडी आणि प्लोटोसिडी, आणि त्यांचे पूर्वज नद्यांतून तिकडे गेले, असे अभ्यासक मानतात. तेव्हा शिंगाळा अ‍ॅमेझॉनमध्ये कसा पोचला, यापेक्षा तो मालवणच्या समुद्रात कसा पोचला, हा प्रश्न अधिक योग्य आहे. त्यातही अ‍ॅरिडींपैकी काही जाती पुन्हा नद्यांत शिरून तिथल्याच झाल्या आहेत.

देवबाग :
म्हणजे आमचा शिंगाळा घाटावरून उतरून आलेला चाकरमानी ठरला. घरात हे सांगायची सोय नाही.

शब्दवेल्हाळ :
हे सारे मनोरंजक आहे, परंतु ज्या शब्दाच्या अर्थाबद्दल दोन जिल्ह्यांत एकमत नाही, तो गणाचे नाव होऊ शकत नाही, हेच यातून सिद्ध होते. ‘मार्जारमीन’ कोणाच्याही ताटातला मासा नाही, म्हणूनच तो पारिभाषिक संज्ञेला योग्य आहे. ‘मांजरमासा’ हा पर्याय तर मला मुळीच मान्य नाही. तो इंग्रजी शब्द नुसता उलटून ठेवल्यासारखा वाटतो.

तळटीप :
‘मार्जारमीन’ही उलटूनच ठेवलेला आहे, फक्त संस्कृतात. आणि मांजराचे वावडे मराठीला कधी होते? उदमांजर आहे, काळमांजर आहे, खवले मांजर आहे. खवले मांजर हे मांजर नाही आणि मांजरमासाही मांजर नाही. गंमत एवढीच की एकाची ओळख खवल्यांमुळे आणि दुसऱ्याची खवले नसल्यामुळे.

भीमाकाठ :
खवल्यांचा विषय निघाला म्हणून सांगतो. कृष्णा-पंचगंगेत ‘खवलचोर’ नावाचा एक छोटा मासा आहे. तो दुसऱ्या माशांच्या अंगावरचे खवले ओरबाडून खातो. सी. व्ही. कुलकर्णी यांनी 1952 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले, तेव्हा जातीचे नाव सरळ ‘खवलचोर’ असेच ठेवले. वंशाचे नाव पुढे बदलले, चोर मात्र कायम राहिला. ज्याच्या स्वतःच्या अंगावर एकही खवला नाही, त्याने दुसऱ्यांचे खवले चोरावेत, याहून नेमके नाव कोणत्या परिभाषा-समितीला सुचले असते? कांडेचोर म्हणणाऱ्या भाषेत खवलचोर न घडला तरच नवल.

शब्दवेल्हाळ :
नाव उत्तम आहे, हे मान्य. परंतु ते एका जातीचे नाव आहे. प्रश्न संपूर्ण गणाचा आहे.

प्रवाहपतित :
गणाचाच विचार करायचा तर आधी हे पाहावे लागेल की इंग्रजीने नाव मिशीवरून घेतले आणि मराठीने शिंगावरून, आणि दोघांनीही या माशांच्या उत्क्रांतीतली एकेक खरी गोष्ट पकडली आहे. इतर माशांत वरच्या जबड्याच्या ज्या हाडावर दात असतात, ते हाड या गणात झिजत जाऊन त्याची लहानशी कांडी उरली आहे, आणि मिशीचे मूळ त्या कांडीवर बसलेले असते. मासा मिशी हलवतो तेव्हा तो खरे पाहता जबड्याचे जुने हाडच हलवत असतो. चिली आणि अर्जेंटिना येथील डिप्लोमिस्टिडी कुलात या हाडावर आजही दात आहेत, आणि वायोमिंगमधील ग्रीन रिव्हर खडकांत सापडलेल्या, सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वीच्या हिप्सिडोरिस या जीवाश्मातही ते होते. शिंगाचेही तसेच आहे. पाठीच्या पराच्या पुढचा आखूड काटा अडसरासारखा काम करतो आणि मागच्या लांब काट्याला उभाच अडकवून ठेवतो. म्हणूनच मेलेल्या माशाचा काटा नुसता दाबून खाली बसत नाही.

आता अपवाद. आफ्रिकेतल्या विजेचा झटका देणाऱ्या मॅलॅप्टेरूरसच्या पाठीवर काटा नाही. केरळात भूजलात सापडलेल्या आणि 2011 मध्ये वर्णन झालेल्या क्रिप्टोग्लॅनिसला तर पाठीचा परच नाही. त्यांना शिंगाळा म्हणायचे, तर शिंगांशिवायच म्हणावे लागेल.

भीमाकाठ :
तारामासा मासा नाही, तरी शब्द चालतोच. बिनशिंगांचे दोन-चार शिंगाळे निघाले म्हणून काय बिघडले?

प्रवाहपतित :
तळटीप यांच्यासाठी एक वेगळी सूचना. मूळ लेखात डिप्लोमिस्टिडींना ‘आदिम’ म्हटले असेल, तर तो शब्द जपून वापरावा. दातांमुळे हे कुल सर्वांत आधी फुटलेली शाखा मानले जात होते. 2006 मध्ये सुलिव्हन, लुंडबर्ग आणि हार्डमन यांनी रॅग1 आणि रॅग2 या जनुकांवरून वंशवृक्ष मांडला, तेव्हा दक्षिण अमेरिकेतील लोरिकेरिऑइडी हा गट त्याहूनही आधी वेगळा झाल्याचे दिसले. शोभेच्या माशांच्या दुकानांत काचेला चिकटून बसलेला जो ‘सकर’ दिसतो, तो याच गटातला. त्याच्या अंगावर हाडांच्या पट्ट्यांचे चिलखत असते, त्यामुळे कोणी ‘अशल्क मासे’, म्हणजे खवले नसलेले मासे, असे नाव सुचवण्याआधी या चिलखताचे काय करायचे, याचाही विचार करावा.

तळटीप :
लेखात ‘आदिम’ आहेच, आणि दोनदा आहे. बदलते. जाता जाता विचारते, प्रत्येक ठिकाणी ‘जाती’ लिहिल्यावर वाचक वेगळाच अर्थ घेतील म्हणून ‘प्रजाती’ करावे, असे संपादक म्हणतात. ते करावे का?

शब्दवेल्हाळ :
कदापि करू नये. गण, कुल, वंश, जाती ही उतरंड मराठी जीवशास्त्रात रुळलेली आहे. वृत्तपत्रांनी हिंदीतून ‘प्रजाती’ उचलली आणि गोंधळ केला.

प्रवाहपतित :
मी जाती लिहितो आणि प्रजाती बोलतो. आकड्यांचेही थोडे पाहून घ्या. अमेरिकेत 2003 मध्ये या गणातील सर्व जातींची नोंद करण्याचा मोठा प्रकल्प सुरू झाला. कार्ल फेरारिस यांच्या 2007 च्या यादीत 36 कुले आणि 3,093 विद्यमान जाती होत्या. ‘4,000 हून अधिक’ हा त्यानंतरच्या भरीचा परिणाम आहे, तेव्हा लेखात दोन्ही आकडे वेगवेगळ्या जागी आले असतील तर ती छापण्यातली चूक समजून दुरुस्त करू नका.

ओलसर :
इतका वाद कशाला? ‘मागूर’ म्हणावे. बाजारात कोणालाही विचारा, सर्वांना कळते.

देवबाग :
सर्वांना कळणारा मागूर म्हणजे ‘थाई मागूर’, आणि तो थायलंडचाही नाही. मूळचा आफ्रिकेतला तो मासा आपल्याकडे पाळायला बंदी आहे. एका चुकीच्या नावावर सगळ्या गणाचे ओझे कशाला ठेवायचे?

प्रवाहपतित :
देशी मागुराची गोष्ट मात्र या चर्चेत यायलाच हवी. बुकॅनन-हॅमिल्टन यांनी 1822 मध्ये गंगेच्या माशांवर लिहिताना त्याला बंगाली नावावरून ‘मागूर’ असे नाव दिले होते. पुढे तो आणि जावाचा क्लॅरिअस बॅट्रॅकस एकच समजले गेले, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत पिढ्यान्‌पिढ्या बॅट्रॅकस हेच नाव राहिले. 2008 मध्ये एंग आणि कॉटेलाट यांनी खरा बॅट्रॅकस जावाचाच असल्याचे दाखवले आणि आपल्या माशाला क्लॅरिअस मागूर हे नाव परत मिळाले. लोकांचे नाव शास्त्राने टाकले होते, ते शास्त्रालाच पुन्हा उचलावे लागले. बंगाली भाषकांनी याच गणातल्या बगॅरिअस वंशातल्या माशाला तर वाघावरून बाघाइड म्हटले आहे. इंग्रजांना ज्या गणात मांजर दिसले, त्यात त्यांना वाघ दिसला.

शब्दवेल्हाळ :
मग ‘व्याघ्रमीन’ही सुचवून टाका. माझे मत कायम आहे. लोकनावे जातींना द्यावीत आणि गणाला तटस्थ संस्कृत संज्ञा द्यावी.

भीमाकाठ :
तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला. पाण्यात उतरलेल्यांना विचारा.

तळटीप :
सर्वांचे आभार. सोमवारी प्रत दिली. शीर्षकात ‘कॅटफिश’ ठेवले आणि पहिल्या परिच्छेदात ‘शिंगाळा, मागूर, घोगरा, खवलचोर असे ज्यांना आपण वेगवेगळे ओळखतो, त्यांचा गण’ असे लिहिले. संपादकांनी ते वाक्य लांब म्हणून काढले आणि सर्वत्र ‘मांजरमासा’ केला. मालवणच्या मुद्रितशोधकांनी या वेळी एकही रेघ मारली नाही.

भीमाकाठ :
ते असू द्या. मला एक विचारायचे आहे. साइक्सचा ‘कुटुर्नी’ आणि आमच्याकडची पोरे ज्याला ‘कटर्ना’ म्हणतात, ते एकच का? आमचा कटर्ना बोटाएवढा, अंगावर पट्टे असलेला असतो, आणि त्याचा काटा लागला की हात संध्याकाळपर्यंत ठणकतो.

प्रवाहपतित :
कुटुर्नी रीटा वंशातला आहे. तुमचे वर्णन मला मिस्टस वंशाकडे झुकणारे वाटते. पट्टे आडवे की उभे?

भीमाकाठ :
डोक्यापासून शेपटीकडे जाणारे. त्याला आडवे म्हणायचे की उभे, हे आधी शब्दवेल्हाळ यांनी सांगावे.