मदत हवी आहे : आठ फुटी फळीवर मॉडेल रेल्वेचे शंटिंग आणि देखावा दोन्ही कसे बसवावे?

घोडबंदरकर
नमस्कार. आमच्या ठाण्याच्या घरात एका भिंतीलगत आठ फूट लांब आणि दीड फूट रुंद फळी बसवायला घरच्यांनी होकार दिला असून रविवारी सुतार प्लायवूड कापायला येणार आहे. त्यामुळे रुळांचा आराखडा मला शनिवारपर्यंत नक्की करायचा आहे. यापूर्वी मी जमिनीवर लंबगोल रूळ टाकून मागे डोंगर आणि त्यात बोगदा केला होता. गाडी बोगद्यातून बाहेर पडताना फार सुंदर दिसे, परंतु ती फिरताना पाहत बसण्यापलीकडे मला काही काम उरत नसे आणि पंधरा दिवसांत मी ती लावणेच सोडून दिले. या वेळी गाडीला खरे काम हवे आहे : मालाच्या वाघिणी तोडायच्या, जोडायच्या, मालधक्क्याला नेऊन लावायच्या. डोंगराचा मोहही सुटत नाही. किती सायडिंग (वाघिणी उभ्या करायचे बाजूचे रूळ) बसतील, ते कृपया लवकर सांगावे.

कळवा_कारशेड
स्केल (प्रतिकृतीचे प्रमाण) कोणते? इंजिन कोणते, वाघिणी किती आणि कोणत्या? फळी कायमची राहणार की काढून ठेवावी लागणार? हे कळल्याशिवाय सायडिंगची संख्या सांगणे म्हणजे माप न घेता सदरा शिवणे होय.

नेरूळवासी
एवढ्याशा जागेत एन स्केलखेरीज दुसरा विचारही करू नये, असे माझे अनुभवाअंती ठाम मत झाले आहे. आपला आयसीएफ प्रवासी डबा सुमारे २१.३ मीटर लांब असतो. तो एचओ म्हणजे १:८७ प्रमाणात साडेचोवीस सेंमी होतो आणि एन म्हणजे १:१६० प्रमाणात केवळ सव्वातेरा. म्हणजे बारा डब्यांची लोकल एचओमध्ये जवळजवळ तीन मीटर होईल, तर एनमध्ये ती तुमच्या फळीवर उभी राहून वर जागा उरेल. असलेले सामान विकून टाकावे.

घोडबंदरकर
एचओ आहे, हे मी गृहीतच धरले होते. एक डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिन, आठ बॉक्सएन वाघिणी आणि तीन आयसीएफ डबे आहेत. हे सर्व पाच वर्षांत एकेक करून जमवलेले असल्यामुळे ते विकण्याचा प्रश्न येत नाही. मला लोकल चालवायची नाही. कृपया आराखड्याबद्दल बोलावे.

सांधेवाला
आठ वाघिणी आहेत म्हणता, तर तुमचे उत्तर आधीच तयार आहे. ब्रिटनमधील ॲलन राइट यांनी मांडलेला 'इंगलनुक' हा आराखडा नेमका आठ वाघिणींचा आहे. दोन सांधे, म्हणजे गाडीचा रूळ बदलण्याच्या जागा, आणि तीन सायडिंग. त्यांपैकी एकीत पाच वाघिणी मावतात आणि उरलेल्या दोहोंत तीन-तीन. शंटिंगच्या रुळावर इंजिन आणि तीन वाघिणी एवढीच जागा ठेवायची. प्रत्येक वाघिणीची एक अशा आठ चिठ्ठ्यांतून पाच उचलायच्या आणि त्याच क्रमाने गाडी बांधायची. असे ६,७२० निरनिराळे क्रम होतात, त्यामुळे लंबगोल रुळासारखा कंटाळा येण्याची भीती नाही.

आता मापे पाहू. बॉक्सएन १०.७ मीटरची, म्हणजे एचओमध्ये १२.३ सेंमी; तुमचे इंजिन सुमारे २० सेंमी. पाच वाघिणींची सायडिंग साडेएकसष्ट, शंटिंगचा रूळ सत्तावन्न, जरा मोकळीक ठेवून साठ धरा. लहान त्रिज्येचा सांधा साडेअठरा सेंमीचा येतो, तेव्हा दोन सांध्यांना सदतीस. बेरीज एकशे साडेअठ्ठावन्न. तुमची फळी २४४ सेंमी आहे. उरलेल्या पंचाऐंशी सेंमीत पडद्यामागचा रूळ टाका. नाटकात नट जसा विंगेत उभा राहतो, तशी इंजिनासह पाच वाघिणींची गाडी तेथे उभी राहील. शंटिंगचा रूळ तेथेच संपल्याचे मानण्यासाठी 'शंटिंग मर्यादा' अशी पाटी लावावी, जशी खऱ्या स्थानकांबाहेर असते.

मालबाबू_निवृत्त
वरील आराखडा खेळ म्हणून उत्तम आहे, परंतु त्याला वास्तव म्हणू नये. बॉक्सएनचा पूर्ण रेक (जोडलेल्या वाघिणींची सबंध रांग) अठ्ठावन्न-एकोणसाठ वाघिणींचा असतो आणि तो सबंधच एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातो. आज एकेक वाघीण निवडून गाडी कोणी बांधत नाही. ते काम चारचाकी वाघिणींच्या आणि मोठमोठ्या मार्शलिंग यार्डांच्या काळातले. वास्तवच हवे असेल तर धक्क्याचा रूळ आखूड ठेवावा. म्हणजे रेकचे दोन तुकडे करून अर्धा आधी लावायचा, तो रिकामा झाला की काढून उरलेला अर्धा आत घ्यायचा. हे मी नोकरीत अनेकदा प्रत्यक्ष पाहिले आहे. आणखी एक गोष्ट : बॉक्सएन ही उघडी वाघीण आहे, तिच्यातून कोळसा, खडी, खनिज उतरते. धक्क्यावर सिमेंटच्या गोण्या रचणार असाल तर तेथे बंद बीसीएन उभी असायला हवी.

सांधेवाला
आपला मुद्दा मान्य आहे. पण दोन सांध्यांवर दोन्ही पद्धती चालतात. चारचा रेक दोन-दोन करून लावा किंवा चिठ्ठ्या काढा. रूळ तेच राहतात.

दिवाळीचा_किल्ला
डोंगराविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून सांगतो. दिवाळीत किल्ला करताना विटांवर गोणपाट टाकून त्यावर माती लिंपतो, त्याच पद्धतीने जाळीवर वर्तमानपत्राचे तुकडे खळीने चिकटवून वर प्लास्टरचा पातळ थर द्यावा. डोंगर हलका होतो. पारसिकचा डोंगर पावसाळ्यात हिरवा आणि मे महिन्यात तांबूस-तपकिरी असतो, म्हणून रंग देण्यापूर्वी ऋतू ठरवावा. किल्ल्यावर आम्ही अळीव पेरतो, येथे मात्र पेरू नये. ओल रुळांपर्यंत जाते.

बोरघाटप्रेमी
देखावा आणि काम एकत्र हवे असेल तर खंडाळ्याचे रिव्हर्सिंग स्थानक करावे. बोरघाटाचा मार्ग १८६३ मध्ये सुरू झाला तेव्हापासून १९२९ पर्यंत प्रत्येक गाडी तेथे थांबून उलट्या दिशेने पुढे निघत असे. कडा, दरी आणि इंजिनाची हालचाल, सर्व काही एका चित्रात येते. मालधक्क्यात पाहण्यासारखे काय असते?

कळवा_कारशेड
स्थळ अप्रतिम आहे, परंतु गणित जमत नाही. घाटाचा चढ ३७ला १. वरचा आणि खालचा रूळ निदान पाच सेंमी उंचीने वेगळा दिसायचा तर १८५ सेंमी लांबी चढातच जाईल, आणि इंजिनासह तीन डबे उभे करायला सपाट ९४ लागतील. फळी संपली, सांधा अजून बसलाच नाही. शिवाय धागाकर्त्यांचे इंजिन त्या काळचे नाही. माझा प्रश्न मात्र अजून अनुत्तरित आहे : फळी कायमची की काढण्याजोगी?

घोडबंदरकर
हे आधी सांगायला हवे होते, क्षमस्व. फळीखाली पलंग असून सासूबाई आल्या की ती काढावी लागते; म्हणून चार-चार फुटांचे दोन भाग करणार आहे. डाव्या टोकाला खिडकी आहे आणि जुलैत तिच्यातून तुषार येतात.

सांधेवाला
मग सर्व आराखडा यावरच ठरतो. पडद्यामागचा रूळ डावीकडे, खिडकीखाली घ्या. तेथे सांधा नाही आणि वरून झाकणही बसवता येते. त्यानंतर शंटिंगचा रूळ, आणि सांधे व सायडिंग उजवीकडे कोरड्या बाजूला. अशाने १२२ सेंमीवरचा जोड शंटिंगच्या रुळात येतो आणि तेथून एकच रूळ ओलांडतो. उलट मांडणी केली असती तरी जोड शंटिंगच्या रुळातच आला असता, पण सांधे आणि सायडिंग खिडकीखालच्या ओल्या बाजूला गेल्या असत्या.

सांधे घेताना मधला फ्रॉग (दोन रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा) धातूचा आणि विद्युतप्रवाह असलेला आहे ना, ते पाहून घ्यावे. मला एका विक्रेत्याने सर्व सांधे सारखेच असतात असे सांगून प्लॅस्टिक फ्रॉगचे दिले. माझे छोटे चारचाकी शंटर इंजिन मुंगीच्या चालीने येई आणि दर वेळी तेथेच मुकाट उभे राही. बोटाने ढकलले की पुढे जाई. तुमचे इंजिन सहा आसांचे असल्यामुळे बहुधा तरून जाईल, तरी शंटिंगमध्ये सारी गंमत संथ चालीचीच आहे. पावसाळ्यात दर आठवड्याला रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत.

नेरूळवासी
एनमध्ये हे सर्व निम्म्या जागेत झाले असते, एवढेच नोंदवतो.

घोडबंदरकर
सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री कागदाच्या पट्ट्या कापून जमिनीवर पूर्ण आराखडा मांडला आणि त्यावर खऱ्या वाघिणी ठेवल्या. कपलिंगमधल्या फटींमुळे प्रत्येक वाघीण १२.३ ऐवजी १२.७ सेंमी भरते. पाचांची सायडिंग साडेत्रेसष्टवर जाते आणि शेवटच्या वाघिणीची चाके फळीच्या कडेवर येतात, बफर (रुळाच्या टोकाचा अडसर) लावायला जागा राहत नाही. भिंत मोजली तर आठ फूट तीन इंच आहे. प्लायवूड आठ फुटीच येते, पण दोन भाग एकमेकांशेजारी कापले तर प्रत्येकी १२४ सेंमीचे निघतात, असे सुतार फोनवर म्हणाला. एकूण २४८. हे चार सेंमी सायडिंगच्या टोकाला द्यावेत की पडद्यामागे? तेथेही गाडी जेमतेमच मावते.

सांधेवाला
तीन टोकाला, एक पडद्यामागे. बफरमागे बोटभर जागा सोडा.