मदत हवी आहे : नगराध्यक्षपदाच्या उमेदवाराने मांडलेला गावाच्या वाढीचा विचार नगरपंचायतीच्या अधिकारात कितपत बसतो?

नमस्कार. झाडीपट्टीतील (पूर्व विदर्भातील) एका तालुक्याच्या गावी माझे घर आणि थोडी धानाची शेती आहे. तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायतीचा दर्जा देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०१४ साली घेतला, त्यात आमचेही गाव आले. मागील निवडणूक डिसेंबर २०२१ आणि जानेवारी २०२२ अशा दोन टप्प्यांत झाली आणि तेव्हा नगराध्यक्षाची निवड सतरा नगरसेवकांनी आपसांत केली होती. आता नगराध्यक्ष थेट मतदारांनी निवडायचा आहे. त्यामुळे या पदासाठी उभे राहणाऱ्यांना गावाच्या वाढीविषयी काय वाटते, हे यंदा चौकाचौकांत विचारले जात आहे, आणि मला ती फार चांगली गोष्ट वाटते.

उमेदवारांपैकी एक ताई निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांनी सभामंडप, पथदिवे आणि सिमेंट रस्ते यांची नेहमीची यादी बाजूला ठेवून गाव कोणत्या दिशेने वाढू द्यायचे यावर काही पानांचे टिपण घरोघरी वाटले आहे. त्यांचे नाव आणि पक्ष येथे मुद्दाम लिहीत नाही, कारण हा धागा प्रचाराचा होऊ नये. टिपणातील कोणत्या गोष्टी नगराध्यक्षाच्या हाती असतात, कोणत्या नसतात, आणि आमच्या प्रभागातील चौकसभेत त्यांना नेमके काय विचारावे, एवढेच जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

आधी गावाची स्थिती सांगतो, म्हणजे उत्तर देणे सोपे जाईल. जुनी आबादी माजी मालगुजारी (जुन्या जमीनदारांच्या काळच्या) तलावाच्या पाळीखाली आहे, गुजरी आणि आठवडी बाजार तिथेच भरतो. राज्यमार्ग गावाच्या पूर्वेकडून जातो आणि गेल्या काही वर्षांत सर्व वाढ त्या मार्गालगतच्या बांध्यांमध्ये (धानाच्या शेतांमध्ये) झाली आहे. धुरे (शेताचे बांध) मोडायचे, मुरूम टाकायचा, चुन्याने रंगवलेले दगड रोवायचे आणि इसार घेऊन प्लॉट विकायला काढायचे, असा क्रम आहे. काही ले-आउट रीतसर अकृषक झालेले आहेत, काहींचे कागद कोणीच नीट पाहिलेले नाहीत. तलावाच्या सांडव्याचे (तलाव भरल्यावर जादा पाणी बाहेर पडण्याच्या वाटेचे) पाणी ज्या पाटाने खालच्या बांध्यांत उतरत असे, तो पाट आता एका ले-आउटच्या रस्त्याखाली गेला आहे आणि तिथे सिमेंटचा एकच पाइप टाकलेला आहे. पावसाळ्यात सांडवा वाहू लागला की तो पाइप पुरत नाही, पाणी मागे फिरते आणि पाळीखालच्या मोहल्ल्यात ओसरीपर्यंत येते. या मोहल्ल्यात बहुतांश ढिवर कुटुंबे आहेत, त्यांची मासेमारी याच तलावावर चालते. म्हणजे ज्या पाण्यावर त्यांचे पोट आहे तेच पाणी आज त्यांच्या घरात शिरते, आणि ते कोणत्याही अर्थाने त्यांच्या चुकीमुळे नाही.

ताईंचे पहिले म्हणणे असे की गावाची वाढ थांबविता येत नाही आणि थांबवूही नये, कारण शाळा, दवाखाना आणि तहसील कार्यालय इथे असल्यामुळे आजूबाजूच्या खेड्यांतील कुटुंबे येणारच. परंतु वाढीची दिशा प्लॉट पाडणाऱ्याने ठरवायची नाही, ती पाण्याने ठरवायची. तलावाचा येवा (तलावात पाणी येण्याची वाट), सांडव्याचा पाट आणि त्याखालच्या धानाच्या बांध्या यांना हात लावू नये आणि नवीन वस्ती पश्चिमेकडील बरड जमिनीवर न्यावी, असे त्या लिहितात. दुसरे म्हणणे असे की पिण्याच्या पाण्याची क्षमता वाढेपर्यंत आणि मुख्य नाली पूर्ण होईपर्यंत एकाही नवीन ले-आउटला मंजुरी देऊ नये. तिसरे, जुन्या ले-आउटमधील खुल्या जागा शोधून काढून त्यांवर नगरपंचायतीचे फलक लावावेत. चौथे, विकत घेऊन वर्षानुवर्षे पडीक ठेवलेल्या प्लॉटवर कर आकारावा आणि तो पैसा नालीसाठी वापरावा. तलावाची पाळ दुरुस्त करून गाळ काढण्याचे आश्वासनही शेवटी आहे.

मला यातील पहिले म्हणणे मनापासून पटते. माझ्या आठवणीत आमच्या गावात कोणत्याही उमेदवाराने सांडवा हा शब्द भाषणात उच्चारलेला नाही. मात्र शंकाही त्याच मुद्द्याची आहे. पश्चिमेकडील बरडीचा बराच भाग झुडपी जंगलाच्या, म्हणजे महसुली कागदांत खुरट्या झुडपांची म्हणून लिहिलेल्या जमिनीच्या, नोंदीत असावा, असे वयस्क मंडळी सांगतात. तसे असेल तर तिथे वस्ती नेण्याचे आश्वासन नगराध्यक्ष पाळू शकतील का? आणि ती जागा मिळाली नाही तर बांध्या वाचविण्याचा विचार कशावर उभा राहील? उत्तर देणाऱ्यांनी शक्य असेल तिथे कायद्याचे कलम सांगावे, ही विनंती. मी कायद्याचा जाणकार नाही, पण वाचून समजून घेईन.

प्रतिसाद (नगररचनेच्या कामात आयुष्य गेलेले एक सदस्य)

भाऊ, प्रश्न नेमका विचारला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

झुडपी जंगलाचा मुद्दा सर्वांत आधी घ्यावा लागेल. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतील झुडपी जंगलाच्या जमिनी वनजमिनीच आहेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिला आहे. हे क्षेत्र सुमारे ८६,४०९ हेक्टर आहे. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने वाटप केलेल्या जमिनींसाठी एक वेळची सवलत आहे, तीही केंद्राकडे रीतसर प्रस्ताव जाऊनच. त्यानंतरच्या वाटपांची चौकशी कडक आहे. नवीन वसाहतीसाठी अशी जमीन हवी असेल तर वन संवर्धन अधिनियम, १९८० खाली केंद्र शासनाची पूर्वपरवानगी लागते. नगरपंचायतीच्या ठरावाने तिथे एक घरही उभे राहू शकत नाही. म्हणून ताईंना थेट भूमापन क्रमांक विचारा. बरडीतील सर्वच जमीन झुडपी असते असे नाही, खाजगी मालकीची हलकी जमीनही असते, आणि त्यांच्या मनात ती असेल तर त्यांचा विचार टिकतो.

ले-आउट सरसकट थांबविण्याचे आश्वासन आहे तसे पाळता येणार नाही. नियमात बसणारा प्रस्ताव छाननी करून मंजूर करावा लागतो किंवा कारण देऊन नाकारावा लागतो. हे काम मुख्याधिकाऱ्यांचे आहे, नगराध्यक्षाच्या मर्जीचे नाही. पण खरे हत्यार वेगळे आहे आणि त्याचा उल्लेख त्यांच्या टिपणात असायला हवा होता, तो म्हणजे विकास आराखडा, म्हणजे कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरविणारा गावाचा आराखडा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २३ खाली नगरपंचायत आराखडा करण्याचा इरादा जाहीर करते, कलम २६ खाली प्रारूप प्रसिद्ध होते आणि नागरिकांना हरकती व सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. कलम ४६ प्रमाणे परवानगी देताना प्रसिद्ध झालेल्या प्रारूपाचाही विचार करावाच लागतो. म्हणजे सांडव्याचा पाट, तलावाच्या येव्याची जमीन आणि खालचा धानपट्टा प्रारूपात योग्य रीतीने दाखविला, तर राज्य शासनाची अंतिम मंजुरी येण्याआधीच त्याचा उपयोग सुरू होतो. तुमच्या नगरपंचायतीचा आराखडा आज कोणत्या टप्प्यावर आहे, हे त्यांनी पाहिले आहे का, एवढ्या एका प्रश्नावरून त्यांची तयारी कळेल.

खुल्या जागांचे म्हणणे पूर्णपणे त्यांच्या आवाक्यातील आहे. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या, बांधकाम आणि ले-आउटसाठीच्या एकत्रिकृत नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या रेखांकनात (ले-आउटमध्ये) १० टक्के खुली जागा सोडावी लागते, आणि जुन्या मंजूर रेखांकनांच्या नकाशांवरही अशा जागा दाखविलेल्या असतात. नकाशे काढून मोजणी करून घेणे एवढेच काम आहे, परंतु ज्यांनी त्या जागेवर कुंपण घातले आहे ते बहुधा गावातील वजनदार लोक असतात, म्हणून ते काम मागे पडते.

पडीक प्लॉटवरील करही शक्य आहे. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाखाली मालमत्ता कर इमारतींवर आणि जमिनींवरही आकारता येतो. चतुर्थवार्षिक आकारणीच्या वेळी हे खुले प्लॉट नोंदवहीत घ्यावे लागतील. त्यातून मुख्य नाली बांधून होईल असे मला वाटत नाही, तिच्या देखभालीला मात्र हातभार लागेल. मोठ्या बांधकामासाठी शासनाचे अनुदानच लागणार, आणि ते त्यांनी मतदारांना स्पष्ट सांगावे.

तलावाबद्दल सावध राहा. १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव सामान्यतः जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे असतात. तलाव नगरपंचायतीच्या हद्दीत आला म्हणून तो तिच्या ताब्यात येत नाही.

प्रतिसाद (शेजारच्या तालुक्यातील शेतकरी)

वरील माहिती उपयुक्त आहे, परंतु आराखड्याची दुसरी बाजूही सभेत यावी असे मला वाटते. आमच्या गावाच्या आराखड्यात माझ्या वडिलांच्या बांधीवर क्रीडांगणाचे आरक्षण पडले. तेव्हापासून ती जमीन ना विकता आली, ना अकृषक करता आली, आणि नगरपंचायतीकडे ती घेण्याइतका पैसा कधीच नव्हता. कलम १२७ प्रमाणे आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षे झाल्यावर मालकाला नोटीस देता येते आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची कार्यवाही झाली नाही तर आरक्षण रद्द होते. कायद्यात उपाय आहे, हे खरे. पण एवढा काळ मुलीचे शिक्षण आणि आजारपण थांबत नाही. हस्तांतरणीय विकास हक्क (जमिनीच्या बदल्यात मिळणारा, दुसऱ्याला विकता येणारा जादा बांधकामाचा हक्क) देऊ असे सांगतात, परंतु जिथे दुमजली घरेच मोजकी आहेत तिथे तो हक्क विकत घेणार कोण?

ताई धानपट्टा वाचवू म्हणतात तेव्हा त्या पट्ट्यात ज्यांची शेती आहे त्यांना रस्त्यापलीकडच्या माणसासारखा भाव मिळणार नाही, हे त्यांनी मान्य करून पुढे बोलावे. मी धान पिकवतो आणि बांधी बुजवायला माझाही विरोध आहे. पण सगळ्या गावाच्या सोयीचा भार मोजक्या कुटुंबांनी का उचलावा? नगररचना योजनेत अनेक मालकांच्या जमिनी एकत्र धरून, प्रत्येकाकडून रस्ते व सुविधांसाठी हिस्सा घेऊन, उरलेला नीट आकाराचा भूखंड त्यालाच परत देतात. १९६६ च्या त्याच कायद्यात ती तरतूद आहे. छोट्या गावांत तिचा विचार फार कमी होतो, तो तुमच्या उमेदवारांनी करून पाहावा.

धागाकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. शेतकरी बंधूंनी मांडलेली बाजू माझ्या लक्षात आली नव्हती, आणि ती सभेत मी स्वतः मांडणार आहे, कारण सांडव्याखालच्या पट्ट्यात शेती असलेले लोक माझ्याच नात्यातील आहेत आणि ते मोठ्या सभेत बोलत नाहीत. विकास आराखडा कोणत्या टप्प्यावर आहे, पश्चिमेकडील कोणते भूमापन क्रमांक त्यांच्या मनात आहेत, आणि धानपट्ट्यातील मालकांना काय मिळणार, असे तीन प्रश्न मी लेखी देईन. इतर उमेदवारांनाही हेच प्रश्न देणार आहे, म्हणजे कोणावर अन्याय होणार नाही.

एक मदत अजून हवी आहे. सांडव्याचा पाट हा पूर्वापार गावाच्या निस्ताराचा (गावकऱ्यांच्या सामाईक वापराचा) आहे, असे जुनी माणसे सांगतात, पण कागद कोणाकडेच नाही. ले-आउटवाले मात्र सातबारा दाखवून ती जागा आपल्या मालकीची असल्याचे सांगतात. याची अधिकृत नोंद कुठे मिळेल?

प्रतिसाद (नगररचनेच्या कामात आयुष्य गेलेले एक सदस्य)

तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात निस्तार पत्रक (सरकारी जमिनीवरील गावकऱ्यांच्या सामाईक हक्कांची नोंद) आणि वाजिब-उल-अर्ज (गावातील रूढी व वहिवाटींची नोंद) या दोन्हींच्या प्रमाणित नकलांसाठी अर्ज करा. पाणी वाहून नेण्याच्या वहिवाटीची नोंद वाजिब-उल-अर्जमध्ये सापडण्याची शक्यता अधिक असते. त्याच वेळी भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयातून गावनकाशाची नक्कल घ्या; जुन्या नकाशावर नाला किंवा पाट रेषेने दाखविलेला असेल तर पुढचे बोलणे सोपे होते. जमीन खाजगी असली तरी तिच्यातून वाहणारा पूर्वापार नाला बुजविण्याचा हक्क मालकाला मिळत नाही, हे ले-आउटवाल्यांना नम्रपणे सांगा. अर्जात मौजा, प. ह. नं. (पटवारी हलका नंबर) आणि आजूबाजूचे सर्व भूमापन क्रमांक लिहा, आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका. नकला हाती आल्या की त्यांची एकेक प्रत सर्व उमेदवारांना सभेपूर्वी द्या.