पूर्वजांच्या नावावर चरबी खपवू नका

खडूस वाचक: परवा इथे कोणीतरी ठणकावलं होतं, 'उत्तर ध्रुवाजवळचे इन्युइट सीलची चरबी खातात, पूर्व आफ्रिकेतले गुराखी मसाई दुधावर जगतात, प्रशांत महासागरातल्या टोकेलाऊ बेटांवर निम्म्या कॅलरी नारळातून यायच्या. कुठेय हृदयविकार? पारंपरिक फॅट बिनधास्त खा.' डोकं उठलं, म्हणून हे लांबण. १९७२ साली मसाईंच्या शवविच्छेदनांचे निष्कर्ष आले. धमन्यांत चरबीचे थर होतेच, फक्त धमन्या रुंद होत्या. दिवसभर गुरांमागे चालणाऱ्यांचा आहार खुर्चीत बसून खायचा? ग्रीनलंडच्या सोळाव्या शतकातल्या इन्युइट ममींच्या स्कॅनमध्येही तसलेच थर दिसले. तेव्हा कुठली साखर आणि कुठली बिस्किटं?

लोणीभक्त: ममी चुलीच्या धुरात जगल्या, ते सोयीस्कर गाळलंत. टोकेलाऊचे लोक न्यूझीलंडला गेले, नारळ कमी झाला आणि वजन, रक्तदाब, मधुमेह वाढले. यावर बोला. माझे आजोबा रोज लोणी खाऊन नव्वदीत गेले.

सरळरेषा: माझे वडील तसंच लोणी खाऊन पन्नाशीत गेले. आता?

खडूस वाचक: टोकेलाऊचं मान्य. नारळासोबत मासे आणि कष्टही सुटले, एवढं जोडा म्हणजे झालं. आणि ग्रीसचं क्रीट बेट बघा. तिथे जवळपास ४० टक्के कॅलरी फॅटच्याच, पण ऑलिव्ह तेलाच्या. पूर्व फिनलंडमध्येही फॅट भरपूर, पण लोण्या-दुधातलं. हृदयविकारात कोण पुढे होतं ते सांगायला नको.

लोणीभक्त: आला कीज, फॅटवर हृदयविकाराचा ठपका ठेवणारा अमेरिकन शास्त्रज्ञ! २२ देशांमधून सोयीचे ७ उचलणारा.

सरळरेषा: हे किती वर्षं ऐकायचं? फॅट आणि हृदयविकाराचा कीजचा ६ देशांचा आलेख १९५३चा. २२ देशांची आकडेवारी १९५७ मध्ये त्याच्या टीकाकारांनी मांडली. सात देशांचा अभ्यास १९५८ला सुरू झाला, प्रत्यक्ष माणसं तपासून. तीन गोष्टींची भेळ करायची आणि वर 'कट' म्हणून ओरडायचं!

लोणीभक्त: मास्तर, आवाज खाली. मग ६ तरी कोणी निवडले? आणि सातांत लोणी-चीज खाणारा फ्रान्स का नाही?

सरळरेषा: म्हणजे २२चं सोडलंत.

लोणीभक्त: सोडलं, पेढे वाटा. फ्रान्सचं उत्तर द्या.

वाटसरू: फिनलंडमध्ये पुरुष धूर किती ओढायचे? तिथल्याच उत्तर करेलिया भागात १९७२ला सुरू झालेल्या हृदयविकारविरोधी मोहिमेत लोण्याबरोबर सिगारेटवरही हल्ला होता. मग हृदयविकार घटल्याचं श्रेय कोणाला?

खडूस वाचक: दोघांनाही. पण सिगारेट सोडा म्हटलं की कोणी पूर्वजांना मध्ये आणत नाही.

लोणीभक्त: पूर्वजांनी कारखान्यातलं घट्ट केलेलं तेलही खाल्लं नव्हतं. १९११ला क्रिस्को नावाचं असलं तूप अमेरिकेत आलं, त्यातल्या घातक ट्रान्स फॅटवर डेन्मार्कने बंधन घातलं २००३ला. तोवर लोण्याऐवजी तेच घ्या म्हणून सांगणारे कुठे होते?

सरळरेषा: हा मुद्दा खरा आहे. फ्रान्सचं उत्तर माझ्याकडे नाही, पण आजोबा हे उत्तर नव्हे.

लोणीभक्त: आजोबांवर जाऊ नका.