मदत हवी आहे: आईला उशिकुचा मोठा बुद्ध दाखवायचा आहे

कोयनाकाठ: येत्या शनिवारी आईला इथे जपानमध्ये उशिकु दाइबुत्सुला, म्हणजे उशिकुच्या मोठ्या बुद्धमूर्तीला न्यायचंय. पायऱ्या फार आहेत का? किती वेळ लागेल? कुणी गेलं असेल तर लवकर सांगा, प्लीज.

भटक्या७: निघणार कुठून? आईंचं वय? काहीच लिहिलं नाहीये.

दादर_ते_दाइबुत्सु: सरळ गाडी भाड्याने घ्या. बसच्या फेऱ्या मोजक्याच, एक चुकली की संपलं.

कोयनाकाठ: टोकियोतल्या निशिकासाईहून. आई ६८ वर्षांची, दोन्ही गुडघे दुखतात. सपाटीवर हळूहळू चालते, जिना नको. मला गाडी चालवता येत नाही.

नीलमोहर: मी सासूबाईंना बसनेच नेलं होतं. तोझाई लाइनने निहोमबाशी, गिंझा लाइनने उएनो, तिथून जोबान लाइन. उएनो ते उशिकु साधारण तास. मग स्टेशनच्या पूर्वेकडून बस. उतरल्या उतरल्या परतीच्या बसची वेळ बघून ठेवा. मूर्तीच्या आत बूट काढून पिशवीत घ्यावे लागतात, तेव्हा आईंना सहज निघणारी चप्पल द्या. ८५ मीटरपर्यंत लिफ्ट आहे. वर छातीतल्या अरुंद फटींतून बाहेर बघायचं. बाहेर बुद्धाच्या केसाच्या एका कुरळ्या गोळ्याची प्रतिकृती ठेवलीय. व्यास एक मीटर. सासूबाई त्याच्यापाशी कितीतरी वेळ उभ्या होत्या.

समुद्रपक्षी: त्यापेक्षा कामाकुराला जा. १३व्या शतकातला बुद्ध आहे, खरं जुनेपण तिथे. उशिकुचा १९९३ सालचा.

नीलमोहर: त्यांनी कामाकुरा विचारलंय का? १२० मीटरच्या मूर्तीखाली उभं राहणं ही वेगळीच गोष्ट आहे.

धम्मपथ: एक सांगतो, तो शाक्यमुनी गौतम नव्हे. तो अमिताभ, वेगळा बुद्ध आहे. जोदो शिनशू या जपानी बौद्ध पंथाची मूर्ती, संस्थापक शिनरान यांच्या स्मरणार्थ उभारलेली. आईंना आधीच कल्पना द्या.

दादर_ते_दाइबुत्सु: बुद्ध तो बुद्धच, आईंना कशाला गोंधळात पाडताय?

धम्मपथ: फरक सांगणं म्हणजे गोंधळ नव्हे. माहीत असलं की माणूस नीट बघतो.

कोयनाकाठ: आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात दीक्षाभूमीवर होते. आई त्यांचा फोटो पर्समध्ये घेऊन आलीय. अमिताभाचं तिला आत्ताच सांगितलं. म्हणाली, "मग शिनरान कोण होते तेही सांग." आता ते वाचतेय. नीलमोहरताई, तिथे व्हीलचेअर मिळते का? बसथांब्यापासून मूर्तीपर्यंत किती चालावं लागतं?