अण्णांच्या गाडीतला टीव्ही: घरच्या ग्रुपवरचं बोलणं

शनिवार

दादा, रात्री ८:१२
काल अण्णांची मोटारहोम गाडी धुवायला काढली तेव्हा टीव्हीचा पट्टा नीट बघितला. बकल गंजून अर्धं झालंय. गेल्या खेपेला अनमोड घाटाच्या वळणावर टीव्ही पुढे आला तो यामुळेच. आईच्या बिछान्याच्या कडेचं रेक्झिन जिथे फाटलंय ना, तिथेच त्याचा कोपरा आपटला होता. कार्तिकीला पंढरपूरला निघायच्या आधी हा डबा बाहेर आणि ३२ इंची नवा आत, असं मी ठरवलंय.

वहिनी, रात्री ८:१५
मी मागेच बसले होते. तो आवाज अजून कानात आहे. आई त्या वेळी पुढे होत्या म्हणून निभावलं. लवकर बदला.

मामा, रात्री ८:२१
त्या टीव्हीचं वजन तरी किती असेल रे?

दादा, रात्री ८:२२
वजनकाट्यावर ठेवला मामा. १० किलो ४००. १४ इंची आहे, पण मागे पोट केवढं!

मी, रात्री ८:४०
दादा, बदलायचा यात दुमत नाही. पण ३२ घेऊ नकोस. ३२ इंची टीव्ही सव्वादोन फुटांच्या वर रुंद असतो, साधारण ७२ सेंटिमीटर. आपला कोनाडा ४४ चा. तो बसवायचा तर अण्णांनी सुताराकडून करून घेतलेली फणसाची चौकट कापावी लागेल, आणि वर खिडकीही अर्धी झाकली जाईल. बिछान्यापासून टीव्ही साडेपाच फुटांवर येतो. एवढ्या अंतराला २४ पुरतो, आणि तो चौकटीच्या पुढे स्टँडवर बसेल.

दादा, रात्री ८:४४
आईला चित्राखालची अक्षरांची पट्टी वाचता येत नाही म्हणून मोठा म्हणत होतो. ऑपरेशननंतरही तिला बारीक अक्षर लागत नाही.

मी, रात्री ८:४९
ते मीही धरलंय. जुन्यावर चित्राची उंची मोजली, जेमतेम २० सेंटिमीटर. २४ इंचीवर ती ३० होते, म्हणजे दीडपट. शिवाय जुना टीव्ही चौकोनी, त्यावर आजची रुंद चित्रं वर-खाली काळे पट्टे सोडून आणखी आक्रसतात. ते पट्टे जातील. आईला फरक लगेच कळेल.

आई, रात्री ९:०५
चौकट कापू नका.

दादा, रात्री ९:०६
नाही कापत आई.

आई, रात्री ९:१४
२०११ चा अंतिम सामना त्याच टीव्हीवर बघितला. तुझे वडील गाडीबाहेर अँटेना धरून उभे होते. धोनीने षटकार मारला तेव्हा चित्र हललं, कारण तेच उडी मारत होते.

वहिनी, रात्री ९:१६
❤️

रविवार

भाचा, सकाळी १०:०२
आत्या, गाडीत इन्व्हर्टर आहे ना? मग घरचा कुठलाही टीव्ही घेऊन प्लग लावला तर काय बिघडतं?

मी, सकाळी १०:३१
चालेल, पण बॅटरीला महाग पडेल. गाडीची मागची बॅटरी १२ व्होल्टची. इन्व्हर्टर तिचे २३० करतो, आणि टीव्हीच्या आतलं सर्किट ते परत खाली आणतं. दोन्ही वेळा थोडी वीज उष्णतेत जाते. वर इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी स्वतः खातो. मी काल मीटर लावला, काही न जोडता ०.८ अँपिअर दाखवत होता. मोटारहोममध्ये टीव्ही निवडताना इंच आणि किंमत नंतर, आधी मागचं स्टिकर वाचायचं. वीज बाहेरच्या छोट्या अडॅप्टरमधून येत असेल आणि स्टिकरवर १२ व्होल्ट डीसी लिहिलं असेल, तर तो टीव्ही बॅटरीवर सरळ चालवता येतो. काहींचा अडॅप्टर १९ व्होल्टचा असतो, त्याला व्होल्टेज चढवणारा कन्व्हर्टर लागतो. ज्याला थेट २३० ची केबल आत जाते, तो उघडून काही करायचं नाही.

भाचा, सकाळी १०:३४
मग लायटरच्या सॉकेटला पिन लावली की झालं?

मी, सकाळी १०:५२
नाही रे. १२ व्होल्टची बॅटरी कधीच नेमकी १२ नसते. इंजिन चालू असताना चार्जिंगला १४.४ पर्यंत जाते, सेल्फ मारताना ९-१० वर पडते. टीव्हीला हे सोसेलच असं नाही. मध्ये डीसी-डीसी स्टॅबिलायझर घालायचा, तो आत काहीही आलं तरी बाहेर स्थिर १२ देतो. बॅटरीच्या टर्मिनलजवळच ५ अँपिअरचा फ्यूज. टीव्हीजवळ बसवलेल्या फ्यूजचा उपयोग नाही, कारण वायर मध्ये कुठे घासून शॉर्ट झाली तर आग बॅटरीकडच्या तुकड्यात लागते.

आणि वायर बारीक नको. बॅटरीपासून टीव्ही ५ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर. ०.७५ चौरस मिलिमीटरची घेतली तर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त वाटेतच जातो. २.५ ची घेतली तर पाव व्होल्टही जात नाही.

दादा, सकाळी ११:०५
रात्री किती वेळ चालेल ते सांग. हरिपाठ, मग कीर्तन, आणि पोरांना नंतर सिनेमा.

मी, सकाळी ११:१३
२४ इंची साधारण ३० वॅट खातो, १२ व्होल्टवर अडीच अँपिअर. चार तास चालवला तर १० अँपिअर-तास. आपली बॅटरी १०० ची, पण लेड-ॲसिड आहे, निम्म्याच्या खाली नेली तर लवकर मरते. म्हणजे हाताशी ५० धर. पंखा, दिवे, मोबाइल धरूनही रात्र निघते. जुना टीव्ही ६५ वॅटचा, इन्व्हर्टरसकट सहा अँपिअरच्या वर खात होता. अण्णा नऊला टीव्ही बंद करायला लावायचे ते त्यामुळे. आम्हाला तेव्हा राग यायचा.

मामा, सकाळी ११:२०
बाय, भिंतीला कसा लावणार? ती भिंत म्हणजे नुसती प्लायची आहे. स्क्रू धरणार नाही.

मी, सकाळी ११:४८
मामा, अगदी बरोबर. सगळ्यात मोठी काळजी तीच. आतलं प्लाय ६ मिलीचं आहे. टीव्ही ३ किलोचाच असला तरी दुमडत्या हाताच्या स्टँडवर पुढे काढला की खड्ड्यात प्रत्येक हिसका त्या चार स्क्रूंवर येतो, आणि आपल्याला पंढरपूरला घाट चढूनच जायचंय. प्लायमागे गाडीच्या सांगाड्याचा लोखंडी चौकोनी पाइप आहे. लोहचुंबक फिरवून तो शोधला, कोनाड्याच्या डाव्या बाजूला उभा जातो, पेन्सिलने खूण केली. तिथे १२ मिलीचं मरीन प्लाय आडवं लावायचं, पाइपातून आरपार बोल्ट, मागे रुंद वॉशर आणि नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, हादऱ्याने सैल न होणारा. नट-बोल्ट स्टेनलेसचे, ३१६ ग्रेडचे. पावसाळ्यात साधा बोल्ट काय होतो ते बकलने दाखवलंच.

स्टँड लॉक होणारा हवा. टीव्हीमागच्या चार भोकांमधलं अंतर ७५ किंवा १०० मिलिमीटर असतं, ते बघून घ्यायचा. आणि स्टँडसोबत आलेला स्क्रू लांब असेल तर रेटून पिळायचा नाही. आत पॅनेलला लागतो. ओळखीच्या एकाच्या घरी दुकानाच्या माणसाने असाच पिळला, मधोमध काळा डाग उमटला, आणि दुकान म्हणे वॉरंटीत बसत नाही.

दादा, सकाळी ११:५५
मी चालवत असताना स्क्रीन मला दिसायला नको. आरशातही नको.

मी, सकाळी ११:५६
हो. तोंड मागेच राहील, आणि गाडी चालू असताना स्टँड दुमडून लॉक.

वहिनी, दुपारी १२:१०
दुकानात काय बघायचं ते सांगा. आम्ही संध्याकाळी फोंड्यातच जाणार आहोत.

मी, दुपारी १२:१८
वहिनी, तिथे चक्क खाली बसून बघा. आई पडून बघणार, म्हणजे नजर खालून वर. स्वस्त पॅनेल खालून पाहिलं की चेहरे काळवंडतात. बाजूनेही बघा. आयपीएस पॅनेल असेल तर रंग टिकतात. मागे पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची जागा आहे का तेही बघा, डीव्हीडी प्लेअरसाठी. अण्णांच्या साठीची डीव्हीडी त्यावरच लागते. यूएसबी तर हवाच.

मामा, दुपारी १२:२५
जुना मला द्या. आमच्या डिचोलीचा भंगारवाला शंभर-दीडशे देईल.

मी, दुपारी १२:३३
मामा, नको. त्या ट्यूबच्या काचेत शिसं असतं. भंगारात तांब्याच्या कॉइलसाठी ट्यूब फोडतात आणि काच कुठेतरी ओहोळाकाठी पडते. तोच ओहोळ आपल्या कुळागरात येतो. शिवाय प्लग काढला तरी ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा चार्ज राहू शकतो, घरी कुणी झाकण उघडू नका. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, नोंदणीकृत रिसायकलरकडेच द्यायचा. मी उद्या पालिकेत चौकशी करते. तोवर माझ्या पडवीत राहू दे.

मामा, दुपारी १२:३५
बरं बाय. पटलं.

भाचा, दुपारी १२:४१
चॅनल कुठून येणार? हॉटस्पॉट?

मी, दुपारी १२:५५
घाटात रेंजवर भिस्त ठेवू नकोस. फ्री डिशची छत्री घेऊ, महिन्याचा खर्च नाही. उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे, म्हणजे गोव्यातून आग्नेयेला, आणि बराच वर, क्षितिजापासून साधारण ६० अंश. पंढरपूरलाही दिशा जवळपास तीच. मोबाइलच्या होकायंत्रावर १२५-१३० च्या आसपास धरायचं, मग हळूहळू. माड किंवा आंबा आड आला की सिग्नल गेला, म्हणून गाडी लावतानाच आग्नेयेकडे उघडं आकाश बघायचं. जोराच्या पावसात चित्र जाईल, त्याला इलाज नाही. बॉक्सच्या अडॅप्टरवरही १२ व्होल्टच लिहिलंय, तो त्याच स्टॅबिलायझरवर बसेल. दोन्ही मिळून भार बघून जरा मोठाच घेते, ५ अँपिअरचा.

पुढचा रविवार

दादा, दुपारी ३:४०
📷 फोटो
लागला. चौकटीला धक्का नाही. टीव्ही चौकटीच्या पुढे, दारासारखा उघडतो. मागे कोनाडा तसाच मोकळा.

वहिनी, दुपारी ३:४३
खूपच छान दिसतंय! पाणी लागू नये म्हणून मी जाड कापडाचं खोळ शिवते.

मी, दुपारी ३:५०
शिवा वहिनी. पण जूनमध्ये टीव्ही स्टँडवरून काढून घरात आणायचा, उभाच ठेवायचा. चार महिने बंद गाडीत बुरशी काचेवरही येते.
प्रत्येक नटावर आणि त्या नटाखालच्या पट्टीवर मिळून नेलपॉलिशची एक रेघ ओढली आहे. नट जराही फिरला तर रेघ तुटलेली दिसेल. आता मोलेवरून घाट चढून अनमोडला जाऊन येतो.

मी, संध्याकाळी ७:१८
📷 फोटो
आलो. चारही रेघा सरळ. त्याच वळणावर दादाने मुद्दाम वेग कमी केला नाही, मी मागे बसून टीव्हीवर हात ठेवला होता. थरथर आहे, पण हलत नाही. वर थांबून छत्री लावली, सात-आठ मिनिटांत चित्र आलं.

आई, संध्याकाळी ७:३०
मला खालची पट्टी वाचता आली.

दादा, संध्याकाळी ७:३१
चष्म्याशिवाय वाचत होती!

आई, संध्याकाळी ७:३६
मागचा कोनाडा रिकामा आहे ना. तिथे माझी हरिपाठाची पोथी आणि गोळ्यांचा डबा ठेवा. आणि अण्णांचं ते अँटेना टाकू नका, तेही तिथेच राहू दे.